लेखांक ६ : पांढरपेशा गुन्ह्याची शिक्षा मोजायची कशाने?

प्रतिष्ठित व्यक्तीने आपल्या व्यवसायाच्या ओघात, लोकांनी टाकलेल्या विश्वासाचा फायदा घेऊन केलेल्या गुन्ह्याला पांढरपेशा गुन्हा म्हणतात. ही संकल्पना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये मांडली, तेव्हा त्यांचा आक्षेप असा होता की, असे गुन्हे बहुधा फौजदारी न्यायालयापर्यंत पोहोचतच नाहीत आणि करणाऱ्यावर गुन्हेगार हा शिक्का बसत नाही.

कोल्हापुरात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २०२२ मध्ये शाहूपुरी पोलीस ठाण्यात ए. एस. ट्रेडर्स या कंपनीविरुद्ध गुन्हा दाखल झाला. त्यातील आरोपांची शहानिशा न्यायालयच करील, परंतु जादा परताव्याच्या आमिषाचा हा प्रकार जिल्ह्याला नवा नाही. दामदुप्पट हा शब्दच पाहावा : जुन्या हिंदू विधीत 'दामदुपट' हा सावकाराला घातलेला लगाम होता, म्हणजे एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, आज तोच शब्द ठेवीदाराला भुलवण्यासाठी वापरला जातो.

अशा प्रकरणांत महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे बोलण्यातला 'एमपीआयडी', लागू होतो. त्याच्या कलम ३ प्रमाणे ठेव बुडवणाऱ्यास कमाल ६ वर्षे कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तर भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीलाही ७ वर्षांपर्यंत कारावास आहे. फसवणूक आणि विश्वासघाताची कलमे सहसा सोबत लावली जातात, त्यामुळे शिक्षा वाढू शकते, हे खरे. तरीही बुडालेली रक्कम कोट्यवधींची असताना या कायद्यातला दंड लाखावर थांबतो, ही विसंगती उघड आहे.

त्याहून अवघड प्रश्न समान शिक्षेचा आहे. हेच कलम प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक आणि कारभारास जबाबदार असलेला कर्मचारी या सर्वांना एकाच कमाल मर्यादेत बसवते. ज्याने योजना आखली तो, आणि ज्याने कमिशनवर काम करताना स्वतःची व मेव्हण्याचीही पुंजी तीत घातली तो एजंट, यांच्यातला फरक ठरवणे न्यायाधीशांच्या तारतम्यावर राहते. म्हणून कोणाला किती ठाऊक होते आणि कोणाच्या पदरात किती पडले, याच्या नोंदी तपासातच नेमकेपणाने व्हायला हव्यात. एजंट गल्लीतला असल्याने लोकांच्या रागाला तोच आधी सापडतो आणि सूत्रधार नजरेआड राहतो.

कारावासापेक्षा या कायद्याचे खरे बळ मालमत्तेच्या जप्तीत आहे. कलम ४ खाली शासन मालमत्ता जप्त करते, किमान उपजिल्हाधिकारी दर्जाचा सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो, आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने वसूल रकमेचे ठेवीदारांत न्याय्य वाटप होते. दुसऱ्याच्या नावावर कपटाने फिरवलेल्या मालमत्तेपर्यंतही न्यायालयाचा हात पोहोचतो. मात्र हरकती, मूल्यांकन, लिलाव आणि अपील यांत वर्षे जातात. या विलंबाची झळ आरोपीपेक्षा ठेवीदाराला अधिक बसते, आणि न्यायाचा विचार करताना हीच बाब सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागल्याने पावत्यांच्या झेरॉक्स, पासबुक आणि प्रतिज्ञापत्राची पिशवी घेऊन निघालेल्या वृद्ध ठेवीदाराची रात्रीची रेल्वे तरी वाचली आहे.