राखीव गड्यांचें मोल

आमच्या शाळेच्या मैदानावर फुटबॉल म्हणजे पायानें खेळावयाचा चेंडू. अमेरिकेंत त्याच नांवाचा जो खेळ लोकप्रिय आहे, त्यांत मात्र चेंडू हातीं घेऊन धांवतात व फेंकतात. तेथील व्यावसायिक संघ आपल्या राखीव गड्यांची तयारी कशी करितात, हें आम्हां सर्वांस विचार करावयास लावणारें आहे.

ह्या खेळांत प्रत्येक पक्षाचे अकरा गडी मैदानावर असतात. चढाई करणाऱ्या पक्षाच्या अग्रभागीं पांच धिप्पाड गड्यांची एक फळी असते. मध्यभागीं सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस दोन गार्ड आणि टोंकांस दोन टॅकल. चेंडू फेंकणारा जो क्वार्टरबॅक, त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांस अडविणें व चेंडू घेऊन धांवणाऱ्यास वाट करून देणें, हें त्यांचें काम. टाळ्या बहुधा दुसऱ्यांसच मिळतात.

ही भिंत एके ठिकाणीं खचली कीं, तेवढ्याच भगदाडांतून प्रतिपक्ष आंत शिरतो. आणि अशा झटापटींत दुखापती तर नित्याच्याच. म्हणून शहाणा संघ पांचांवर न थांबतां आठ-नऊ जण तयार ठेवितो. २०२० पासून तर नॅशनल फुटबॉल लीगचा नियमच आहे कीं, सामन्याच्या दिवशीं ४८ गडी सज्ज ठेवावयाचे असल्यास त्यांत निदान आठ ह्या फळीचे असावेत. परंतु केवळ संख्येनें भागत नाहीं. डावीकडे खेळणाऱ्यास उजवीकडे उभें केलें तर पाय टाकण्याची सारी रीत उलटी करावी लागते. शेजारच्या गड्याची खूण क्षणांत ओळखावी लागते. हें दीर्घकाळ एकत्र सराव केल्यानेंच अंगवळणीं पडतें.

कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघास ह्याचा अनुभव आला. फेब्रुवारी २०२१ मध्यें सुपर बोल नामक अंतिम सामन्याच्या वेळीं त्यांचे दोन्ही नेहमींचे टॅकल दुखापतीमुळें बाहेर होते. उरलेल्यांच्या जागा बदलून फळी उभी केली. गार्डच्या जागीं खेळणारा अँड्र्यू वायली उजव्या टोंकास गेला. पॅट्रिक महोम्ससारखा नामांकित क्वार्टरबॅक सामनाभर पळत राहिला, आणि टँपा बे संघानें ३१-९ असा विजय मिळविला.

संघानें बोध घेतला. त्याच वर्षीं फळींत नवे गडी आणिले, आणि वायलीहि त्या परक्या जागेंत हळूहळू रुळला. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यांत समोर फिलाडेल्फियाचा ईगल्स संघ होता. त्यानें त्या हंगामांतील साखळी सामन्यांत प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेंकण्यापूर्वींच ७० वेळां पाडिलें होतें. त्या दिवशीं मात्र महोम्स एकदांहि असा सांपडला नाहीं, व चीफ्स ३८-३५ असे विजयी झाले. उजव्या टोंकास वायलीच होता. २०१७ सालच्या नव्या खेळाडूंच्या निवडींत ह्याच गड्यास एकाहि संघानें घेतलें नव्हतें!

दहा कुमारींच्या दाखल्यांतील शहाण्या पांच जणींनीं तेल आधींच बरोबर घेतलें होतें. मध्यरात्रीं तें उसनें मिळालें नसतें. विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या संघांत ज्यांचें नांव राखीव म्हणून लागतें, त्यांनीं खिन्न होऊं नये व सराव सोडूं नये. आणि आम्हां शिक्षकांनीं त्यांस केवळ पाणी आणावयास ठेविलें, तर पराभवाच्या दिवशीं दोष आमचाच होय.