मीटरवर २२०, पण गाडी किती पळते?

ईदनंतर साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. नुकतेच लायसन्स मिळालेला भाचा गाडी चालवत होता. म्हणाला, “मामू, मीटरवर २२० आहे. बघू का?”

मीटरवरचा आकडा म्हणजे गाडीची ताकद नव्हे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती घनाने. ताशी १०० ऐवजी १२०ने जायचे तर हवा कापायला सुमारे पावणेदोनपट शक्ती लागते. इंजिनची सगळी शक्ती हवा आणि टायरच्या घर्षणातच संपली की वेग तिथेच थांबतो. टायरचीही मर्यादा असते: ‘टी’ अक्षर असेल तर १९०, ‘एच’ असेल तर २१०.

पण ब्रेकचे काय? १२०ला ब्रेक दाबल्यावर गाडी १००च्या जवळपास दीडपट अंतरावर थांबते. चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी २०१८पासून कमाल मर्यादा १०० आहे. फलक कमी सांगत असेल तर तेवढीच.

सातारा ते कराड सुमारे ५० किलोमीटर. १२०ने गेलो तर वाचतात फक्त पाच मिनिटे. मागे त्याची अम्मी आणि नानी बसल्या होत्या. सफरची दुआ पढून निघालो होतो; गाडीतला प्रत्येक जीव अल्लाहची अमानत आहे. भाच्याने काटा ८०वर आणला.