गाणे मध्येच का येते?

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, “सर, भांडण ऐन रंगात आलेलं असताना ही माणसं गायला का लागतात?” ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट तिने नुकताच घरी पाहिला होता. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला : “आणि माझ्या आजीला यातली पदं पाठ आहेत, मग तिला चित्रपट का नाही आवडला?” प्रश्न दोन असले तरी त्यांचे मूळ एकच असावे, असे आम्हांस वाटते.

प्रत्येक कलाप्रकार प्रेक्षकांशी आरंभीच एक मूक करार करीत असतो. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले, तेव्हा गाणे सूत्रधाराचे आणि बोलणे पात्रांचे, असा करार होता. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास आणले आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. हे नाटक तरी कोणते? कालिदासाचेच! म्हणजे जुन्याचे नवे करण्याचा आज दिसणारा सोस आजचा नव्हे. मराठी संगीत नाटकाला रूप आले तेच एका प्राचीन नाटकाच्या नव्या अवतारातून.

नव्या कराराचे मुख्य कलम असे की, पद सुरू झाले म्हणजे काळ थांबतो. नायिकेच्या मनात क्षणभरात जे उमटून जाते ते गाण्यात दहा मिनिटे फुलत राहते. हे कलम ज्याला मान्य, त्याला संगीत नाटक म्हणजे मेजवानी. ज्याचे चित्त ‘पुढे काय झाले’ यात गुंतलेले, त्याला प्रत्येक पद हा वाटेतला धोंडा. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना कथा आधीच ठाऊक असे. आजच्या रात्री पद कसे उमलते, हे पाहावयास ते येत. आवडले की ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. यात अतिरेकही झाला. कथानक गाण्याच्या ओझ्याखाली चिरडले जाई. तेव्हा संगीत नाटकाला नाके मुरडणारे सगळेच अरसिक होते, असे मानण्याचे कारण नाही.

‘कट्यार’ची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. दारव्हेकर नागपूरचे, म्हणजे आपल्या बालाघाटच्या शेजारचेच. या नाटकात दोन गायकी, दोन घराणी एकमेकींसमोर उभी ठाकतात; एकच पद पंडितजी एका रीतीने गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या. आमच्या विद्यार्थिनीस आम्ही सांगितले की, येथे माणसे भांडण सोडून गात नाहीत, गाण्यानेच भांडतात. हे उत्तर तिला पटलेले दिसले.

आजीचे कोडे अधिक अवघड आहे. रंगमंचाचा करार पडद्यावर तसाच्या तसा चालत नाही. 1937 साली बालगंधर्वांचे ‘अमृतसिद्धी’ हे नाटक ‘साध्वी मीराबाई’ या नावाने पडद्यावर आले. नाट्यगृहात पेट्रोमॅक्सच्या वा विजेच्या झोतात, दहा हातांवरून जे रूप मोहून टाकी, ते कॅमेऱ्याने अगदी जवळून पाहिले. आणि पडद्यावरच्या गाण्याला ‘वन्स मोअर’ देऊन उपयोग तो काय? तो चित्रपट चालला नाही. परदेशी चित्रपटांतही हेच दिसते. 1994 सालच्या ‘द लायन किंग’मधला रेखाटलेला सिंह भुवया उंचावून गाई, ते आपण मानले, कारण ते चित्रच होते. 2019 च्या आवृत्तीतील सिंह संगणकाने इतका हुबेहूब केला की त्याचा चेहराच बोलेनासा झाला, अशी अनेकांची तक्रार होती. तिकीटबारीवर मात्र तो अफाट चालला.

2015 च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला ‘कट्यार’ आला, तेव्हा आम्ही वडिलांसह तो नागपुरास पाहिला. आमचे घर मूळचे गोव्याचे; घरात कोंकणी. या नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, म्हणून वडिलांना ते घरचेच वाटतात. तरुणपणी फोंड्यास त्यांनी हे नाटक पाहिले होते, खाँसाहेब अर्थात वसंतराव देशपांडे. चित्रपटात भूमिका सचिन पिळगांवकरांची आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. वडील अंधारात पुटपुटले, “तो ओंठ हालयता, गायना.” पंडितजींच्या भूमिकेतील शंकर महादेवन स्वतःच गात होते, तेथे ते गप्प बसून ऐकत राहिले. वडिलांची तक्रार आवाजाविषयी नव्हतीच. गाणारा माणूस समोर आहे, त्याचा दम आता तुटेल की काय, ही जी धाकधूक त्यांनी फोंड्यास अनुभवली, ती पडद्यावर नव्हती. शिवाय ऐन विशीत जे ऐकले तेच मनात प्रमाण होऊन बसते आणि पुढचे सारे त्याच मापाने मोजले जाते. आजीचेही तेच झाले असावे.

परंतु आमच्या वर्गातील मुलांजवळ ते मापच नाही. पलीकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोली भागात धान निघाले की झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र चालतात आणि त्यांत गाणे असतेच. ती पाहिलेली मुले आमच्या वर्गात आहेत. अभिषेकींच्या चालींशी मात्र त्यांची पहिली गाठ त्या चित्रपटानेच घालून दिली. तो नसता तर ती पदे त्यांच्या कानी कधी पडली असती, हे आम्ही वडिलांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. पण त्या विद्यार्थिनीला रविवारी घरी बोलावण्यास सांगितले.

आता ती पेटीवर सूर धरून बसते. यंदाच्या स्नेहसंमेलनात तिला चित्रपटासाठी नव्याने रचलेली प्रार्थना म्हणावयाची आहे. वडिलांचा आग्रह नाटकातील मूळ पदाचा. तूर्त दोन्हींची तालीम चालू आहे. तबलजी मात्र अद्याप मिळालेला नाही.