ऑफिसचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करताय? आधी हे समजून घ्या

ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉग-इन केले की ब्राउझर विचारतो, ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ घाईत आपण ‘हो’ म्हणतो आणि विसरून जातो. पण तो पासवर्ड नेमका गेला कुठे? कंपनीच्या खात्यात, की तुमच्या वैयक्तिक जीमेल खात्यात? हा फरक लक्षात न आल्याने मोठ्या टेक कंपन्यांनाही फटका बसला आहे.

ऑक्टा आणि सिस्कोमध्ये काय घडले?

ऑक्टा ही इतर कंपन्यांचे लॉग-इन सांभाळणारी अमेरिकी कंपनी. २०२३ मध्ये तिच्या ग्राहक सहाय्य यंत्रणेत हल्लेखोर शिरले आणि १३४ ग्राहकांशी संबंधित फाइल्सपर्यंत पोहोचले. एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचे गुगल खाते उघडले होते. या यंत्रणेच्या एका सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड त्याच खात्यात सेव्ह झाला होता. ते खाते किंवा त्याचे वैयक्तिक उपकरण हॅक झाल्याची शक्यता सर्वाधिक असल्याचे कंपनीने सांगितले.

त्याआधी मे २०२२ मध्ये सिस्कोतही असेच घडले. कर्मचाऱ्याचे वैयक्तिक गुगल खाते हल्लेखोराच्या हाती लागले आणि ब्राउझरने सिंक केलेला ऑफिसचा पासवर्डही त्यासोबत गेला. पुढे फोन कॉल आणि लॉग-इन मंजुरीच्या नोटिफिकेशनचा मारा करून दुसरा टप्पाही पार करण्यात आला.

धोका नेमका कुठे?

सिंक : वैयक्तिक खात्यात सेव्ह झालेला पासवर्ड ते खाते सुरू असलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवरही पोहोचतो. तिथे कंपनीची सुरक्षा यंत्रणा नसते.

इन्फोस्टीलर : क्रॅक केलेले सॉफ्टवेअर किंवा बनावट अपडेटमधून येणारा हा व्हायरस ब्राउझरमधील पासवर्ड चोरतो. पासवर्ड एन्क्रिप्टेड असतात. पण ते उलगडण्याची सोयही त्याच कॉम्प्युटरवर असते. तो कुकीजही पळवतो. चालू सेशनची कुकी मिळाली, तर पासवर्ड आणि ओटीपीशिवायही खात्यात शिरता येऊ शकते.

मग सेव्ह करायचेच नाही का?

तसे नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणे किंवा तो चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवणे जास्त धोक्याचे. शिवाय बनावट वेबसाइटचा पत्ता वेगळा असल्याने ब्राउझर तिथे आपणहून पासवर्ड भरत नाही. खरी अडचण आहे ती घर आणि ऑफिस एकाच खात्यात मिसळण्याची.

आज काय तपासाल?

● क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील प्रोफाइल चिन्हावर क्लिक करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर वैयक्तिक खाते दिसल्यास त्यातून बाहेर पडा.

● गुगल पासवर्ड मॅनेजर उघडून वैयक्तिक खात्यात ऑफिसचे पासवर्ड आहेत का ते पाहा. असल्यास ते काढून टाका आणि मूळ पासवर्डही बदला. नुसते डिलीट करून भागत नाही.

● कंपनीने पासवर्ड मॅनेजर दिला असेल, तर तोच वापरा. शक्य तिथे पासकी सुरू करा.

● तुम्ही लॉग-इन करत नसताना आलेली मंजुरीची नोटिफिकेशन नाकारा आणि आयटी विभागाला कळवा.

पासवर्ड चोरीला गेल्याची शंका आली, तर तो दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून बदला, सर्व सेशन बंद करा आणि लगेच कंपनीला सांगा. भारतात ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यामुळे ओरडा बसेल म्हणून गप्प राहणे महागात पडू शकते.