ऐकण्याचा परवाना, पाहण्याचा परवाना

सायकल चालवायची तर नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला हवा, हे आपल्या वडीलमंडळींच्या अंगवळणी पडलेले होते. परंतु स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर गाणे ऐकायलाही सरकारचा परवाना लागे, असे आजच्या मुलांना सांगितले, तर ती आपल्याकडे संशयानेच पाहतात.

आमच्या मलकापुरात (बुलढाण्याच्या वा शाहूवाडीच्या नव्हे, कराडला खेटून असलेल्या) माझ्या कपाटात आजोबांचे ते रेडिओ-लायसनचे चिमुकले पुस्तक अजून आहे. दर वर्षी पोस्टात जायचे, पैसे भरायचे, तेवढ्या किमतीचे तिकीट पुस्तकात चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. घरगुती रेडिओला वर्षाला 15 रुपये. उशीर झाला की वर भुर्दंड. हॉटेलवाल्यांचा दर निराळा.

याच्या मुळाशी दोन कायदे होते : 1885 चा तारायंत्राचा आणि 1933 चा बिनतारी संदेशाचा. परवान्यावाचून यंत्र नुसते बाळगणे हाच गुन्हा. पहिल्या खेपेस 100 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे कायदा विचारी तो 'रेडिओ आहे का?' एवढेच, 'काय ऐकता?' हे नव्हे. गंमत पाहा, 1952 नंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि घरोघर रेडिओ सिलोन लागू लागला. पैसे दिल्लीला आणि कान कोलंबोकडे! अखेर 1957 साली विविध भारती आली. 1963 साली सांगली केंद्र सुरू झाले आणि आमच्या कृष्णाकाठालाही आपला आवाज मिळाला. पुढे 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत दूरदर्शन आले, तेव्हा त्याचेही लायसन निघाले. वर्षाला 50 रुपये. 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यास ही सारी पुस्तके रद्दीत गेली.  त्या दोन जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा संमत झाला.

मग आज हे पुराण कशाला? कारण आमच्या शेजाऱ्यांची मुलगी इंग्लंडात शिकते आणि तिला क्रिकेटचा सामना पाहायचा आहे. तोही दूरदर्शन संचावर नव्हे, लॅपटॉपवर. तिचे वडील मला म्हणाले, "सर, घरात टीव्हीच नाही, तर लायसन कसले?" आपल्या जुन्या कायद्याने हा प्रश्न रास्त ठरला असता. तिथला कायदा मात्र यंत्राकडे पाहत नाही, पाहण्याकडे पाहतो. सामना चालू असतानाच तो पाहायचा, तर वाहिनी भारतातली असो की विलायतेतली, पडदा भिंतीएवढा असो की तळहाताएवढा, परवाना हवाच. बीबीसीच्या 'आय-प्लेअर'वर तर 1 सप्टेंबर 2016 पासून शिळा कार्यक्रम पाहायलाही हवा. उलट, इतर सेवांवर मराठी मालिका प्रसारण संपल्यावर सवडीने पाहिली, तर काही लागत नाही. चुकल्यास दंड 1000 पौंडांपर्यंत! कर्ज काढून मुलगी पाठवणाऱ्या बापाने या आकड्याला रुपयांनी गुणून पाहावे.

त्यात विद्यार्थ्यांना एक मौजेची सवलत आहे. आईवडिलांच्या घरी परवाना असेल, तर मुलाने नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर, वीजजोडणी न लावता, खुशाल पाहावे. आता मलकापूरच्या आईवडिलांनी परवाना आणायचा कुठून? आपल्याकडे तो राहिलाच नाही! तेव्हा मी सुचवले ते इतकेच : घर सर्वांनी मिळून एकाच कराराने घेतले असेल, तर एक परवाना साऱ्यांना पुरतो, तो वाटून घ्यावा, खोल्यांचे करार वेगळे असतील, तर सामना संपल्यावरचे ठळक क्षण इतर सेवेवर पाहावेत.

आमच्या गावाचे नाव झाले ते चोवीस तास पाणी आणि घरोघर मीटर यामुळे. जेवढे वापराल, तेवढ्याचे पैसे. नभोवाणीला हा हिशेब लावता येत नाही. शेतकऱ्याचे हवामान, संध्याकाळच्या बातम्या, शास्त्रीय गायनाची मैफल ही ऐकणाऱ्याची आहेत, तशी न ऐकणाऱ्याचीही आहेत. पूर्वी तो खर्च रेडिओवाले उचलत. आज बराचसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून जातो. लायसन गेले, बिल गेले नाही. फरक एवढाच की, 15 रुपये मोजणारे आजोबा कार्यक्रम भिकार झाला की पोस्टकार्ड घेऊन केंद्राला खडसावीत. पैसे दिल्याची खूण त्यांच्या हातात होती. आपण पैसे तर देतोच. मग, वाचकहो, ते खडसावणे तेवढे का सोडावे?