लेहचा विमानतळ

लडाखमधील लेहचा विमानतळ सिंधू नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,256 मीटर उंचीवर आहे. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यांच्या देखरेखीखाली येथे कच्ची धावपट्टी तयार झाली आणि 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तीवर पहिले डाकोटा विमान उतरविले. आज तेथे मोठी जेट विमाने ये-जा करतात. परंतु डोंगर तेच आहेत आणि हवाही तितकीच विरळ आहे.

वैमानिकाची खरी कसोटी ही विरळ हवाच पाहते. सागरकिनाऱ्यावरील हवेच्या मानाने तिची घनता पाऊणपटीहूनही किंचित कमी. पंखांना आधार कमी मिळतो, म्हणून विमान अधिक वेगाने जमिनीवर टेकवावे लागते. इंजिनाचे बळही घटते. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते. दुपारी तर खोऱ्यात सोसाट्याचा वारा सुटतो. म्हणून बहुतेक प्रवासी विमाने सकाळीच येऊन परततात. धावपट्टीच्या एका बाजूस डोंगर उभे असल्यामुळे विमान सामान्यतः ज्या दिशेने उतरते, तिच्या उलट दिशेने उडते.

उतरावयाचे की नाही, हे मात्र अरुंद खोऱ्यात खोल शिरण्यापूर्वीच ठरवावे लागते. एक इंजिन बंद पडल्यास कोणत्या वाटेने बाहेर पडावयाचे, हेही आधीच ठरलेले असते. पुढे ढग दाटले असतील, तर वैमानिक सरळ माघारी फिरतो. उतारू कुरकुरतात, पण मुलांनो, एवढे मोठे विमान वळविण्यास किती जागा लागते, हे त्यांना खिडकीतून कोठे दिसते?