पश्चिमेच्या वाळूवरची न्हाणीघरं

दार उघडलं की दोन पावलांत खोली संपते. उघड्या दारातून दिसतं ते एवढंच: भिंतीलगत बाक, खुंटीवर ओले टॉवेल, फळीवर चार कप. आणि पाठ फिरवली की समोर थेट समुद्र. डेन्मार्कच्या एरो बेटावर, एरोस्कोबिंग गावाच्या पश्चिमेला अशा रंगीत लाकडी खोल्यांची एक ओळ आहे. तिथले लोक एका खोलीला ‘बेदहूस’ म्हणतात. शब्दाचा अर्थ अगदी सरळ आहे, न्हाणीघर. पण अंघोळीला इथे अख्खा बाल्टिक समुद्र आहे. घर आहे ते कपडे बदलण्यापुरतं, आणि बदलून झाल्यावर बसून राहण्यापुरतं.

बेटावर पूल जात नाही. स्वेनबोर्गहून फेरी धरायची आणि सव्वा तास लहान-लहान बेटांमधून जायचं. एरो लांबीला 30 किलोमीटरच्या आसपास, क्षेत्रफळ साधारण 88 चौरस किलोमीटर आणि वस्ती 6 हजारांच्या घरात. एरोस्कोबिंगच्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या, घरं बसकी आणि भिंतींना टेकून उंच हॉलिहॉक फुललेले. इथलं सर्वात जुनं घर 1645 सालचं. जुनी घरं जपण्याच्या कामाबद्दल या गावाला 2002 मध्ये ‘युरोपा नोस्त्रा’ पुरस्कार मिळाला. बंदरापासून पायीच निघावं. घरं मागे पडतात, गवत लागतं आणि मग ‘वेस्टरस्ट्रॅन्ड’, म्हणजे पश्चिमेचा किनारा येतो.

पहिल्या नजरेत लहान मुलांनी खडूने काढलेली घरं वाटतात. एक तांबडं, पुढचं हिरवं, मग निळं, पिवळं, पांढरं. एकासारखं दुसरं नाही. कुणाला बसायला इवलीशी ओटी आहे, कुणाला नुसत्या दोन पायऱ्या. रंग केवळ हौसेचा नाही. खारं वारं आणि बर्फाळ हिवाळा यांच्यात उघडं लाकूड टिकत नाही. फळ्या रंगवाव्याच लागतात. मात्र कुठला रंग, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि तिथे प्रत्येकाने मन मोकळं केलेलं दिसतं.

ही घरं पाण्याच्या इतकी जवळ कशी, हा प्रश्न कोकणाचे किनारे पाहिलेल्या माणसाला पडतोच. आपल्याकडे भरती-ओहोटी पाहून वाळूत पाय ठेवायचा असतो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. बाल्टिकला भरती जवळजवळ नाहीच. पाणी रोज आपल्या जागी असतं, काही बोटं इकडे-तिकडे. त्यामुळे गवत संपतं तिथे खोली आणि खोलीपासून थोड्या पावलांवर लाट, असा शेजार जमला. पाणीही महासागराच्या निम्म्याच्या आसपास खारट. काठावर समुद्री गवताच्या तपकिरी जुड्या येऊन पडतात आणि त्यांचा वास दारापर्यंत येतो.

समुद्रकाठी कपडे बदलायला खोली हवी, ही कल्पना युरोपात अठराव्या शतकात रुजली. डॉक्टर समुद्रस्नान औषधासारखं सांगू लागले आणि इंग्लंडात चाकांवरच्या लाकडी खोल्या घोडे जुंपून पाण्यात नेल्या जाऊ लागल्या. आतल्या माणसाने कुणाच्या दृष्टीस न पडता पायऱ्यांवरून समुद्रात उतरायचं. राणी व्हिक्टोरियाही 1847 मध्ये अशाच खोलीतून पहिल्यांदा समुद्रात उतरली. पुढे लाज सैल झाली, चाकं गेली आणि खोल्या वाळूवर स्थिर झाल्या.

पण एरोच्या खोल्या मला त्या इंग्रजी गाड्यांच्या नात्यातल्या वाटत नाहीत. त्यांचं गोत्र शोधायचं तर बेटाच्या पूर्व टोकाला, मार्स्टालला जावं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या छोट्या गावाच्या नावावर 300 हून अधिक शिडाची जहाजं होती. डेन्मार्कात कोपनहेगनखालोखाल मोठा ताफा इथला. बंदराला वारा-लाटांपासून आडोसा नव्हता, म्हणून 1825 पासून गावकऱ्यांनी स्वतः धोंडे वाहून जवळपास एक किलोमीटरचा बांध घातला. तो आजही उभा आहे. अशा बेटावर पिढ्यान् पिढ्या पुरुषांनी आयुष्याची निम्मी वर्षं जहाजावरच्या कोंदट खोलीत काढली. तिथे एक बिछाना, एक पेटी, एक खुंटी. वस्तू जागच्या जागी नसेल तर पहिल्याच हेलकाव्याला अंगावर येते. थोडक्या जागेत नीट राहणं ही या लोकांची हाडीमांसी मुरलेली विद्या आहे.

एरोस्कोबिंगच्या संग्रहालयात याचा आणखी एक पुरावा आहे. पेटर याकोबसेन हा जहाजावरचा खलाशी आणि आचारी. लोक त्याला ‘बाटली-पेटर’ म्हणत. त्याने बाटल्यांच्या आत 1,700 हून अधिक जहाजं बांधली. डोलकाठ्या आडव्या करून जहाज बाटलीच्या गळ्यातून आत सरकवायचं आणि मग दोरा ओढून शिडं उभी करायची. ते पाहून परत वेस्टरस्ट्रॅन्डला आले, तेव्हा त्या खोल्यांकडे बघायची माझी नजरच बदलली. जमिनीवर उतरलेल्या खलाशाने समुद्राकडे तोंड करून बांधलेली केबिन, असंच मला प्रत्येक बेदहूस दिसू लागलं.

मार्स्टालजवळही अशा खोल्या आहेत, ‘एरिक्स हेले’ नावाच्या वाळूच्या दांड्यावर. नावाचा अर्थ एरिकची शेपटी. तिथल्या एका खोलीचं छप्पर गवताने शाकारलेलं आहे आणि बेटाच्या चित्रांत ती हमखास असते. मला तरी एरोस्कोबिंगची रंगीबेरंगी ओळच अधिक जवळची वाटली. एकटं घर देखणं असतं, पण ओळीला शेजार असतो.

ही ओळ मनाला येईल तशी वाढत नाही. डेन्मार्कने 1937 च्या निसर्गरक्षण कायद्याने किनाऱ्यालगतच्या 100 मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला लगाम घातला. 1990 च्या दशकात गावाबाहेर हा पट्टा 300 मीटरपर्यंत नेण्याचं ठरलं. म्हणजे आज कितीही पैसा हाती असला तरी वाळूवर नवं घर ठोकता येत नाही. जुन्या खोल्या घराण्यात राहतात. आजोबांनी ठोकलेल्या खुंटीवर नातवाचा टॉवेल येतो. हे बंधन मला फार मोलाचं वाटतं. किनारा सगळ्यांना फिरायला मोकळा राहिला आहे तो त्यामुळेच.

आणि तरीही समुद्र कायदा वाचत नाही. 20 आणि 21 ऑक्टोबर 2023 ला पूर्वेकडून वादळ आलं आणि दक्षिण डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर काही ठिकाणी पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा दोन मीटरहून अधिक चढलं. ज्याला भरतीच ठाऊक नाही, त्या पाण्याचं हे रूप. एरोवरच्या बेदहूसांचीही मोडतोड झाली. दाराशी पडलेल्या एका फळीवर दोन रंग पाहिले की तो दिवस डोळ्यांपुढे येतो: अर्धी जुनी, उन्हाने फिकटलेली, अर्धी नव्याने रंगवलेली.

जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमाराला, वायव्येला मावळतो. ही घरं मुक्कामाची नव्हेत. पण संध्याकाळ कितीही लांबवता येते. थर्मासमधली कॉफी येते, ब्रेडचे तुकडे येतात, आजी ओटीवर पाय पसरून बसते आणि मुलं ओठ निळे पडेपर्यंत पाण्यातून निघत नाहीत. माझ्या समोरच्या तांबड्या खोलीत एक म्हातारं जोडपं अर्धा तास काही न बोलता पाण्याकडे बघत होतं. प्रकाश विझला तशी बाईंनी कप विसळून फळीवर पालथे घातले, आजोबांनी खुर्च्या घडी घालून आत उभ्या केल्या. मग कडी लावली, दार ओढून पाहिलं आणि दोघं सायकली हातात धरून गावाकडे चालू लागली.